आजोबांच्या संग्रहातील कडी लावलेली गिनी

सोन्याचे एखादे जुने नाणे वारशाने हाती आलेला मनुष्य जाणकाराकडे जातो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "नाणे मोडके आहे, याचे आता किती येतील?" कोणाच्या नाण्याला वर कडी झाळलेली असते, कोणाच्या नाण्याला आरपार भोक असते, कोणाची कड कानशीने घासलेली असते, तर कोणाच्या नाण्यावरचा राजाचा चेहरा इतका पुसट झालेला असतो की, तो कोणत्या राजाचा हेही सांगता येऊ नये. प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. परंतु त्याच्या पोटात दोन समजुती गृहीत धरलेल्या असतात. एक अशी की, 'मोडके' या शब्दाने नाण्याची अवस्था पुरती सांगून झाली. आणि दुसरी अशी की, मोडकेपणामुळे सर्व नाण्यांच्या किमतीला सारखीच कात्री लागते. या दोन्ही समजुती नीट तपासल्या, तर मूळ प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते, म्हणून या प्रकरणात त्याच क्रमाने जाऊ.

१. आधी नाणे कोणते ते पाहावे

महाराष्ट्रातील जुन्या घरांतून निघणारी सोन्याची नाणी सामान्यतः चार जातींची असतात. त्यांतली सर्वांत जास्त आढळणारी गिनी, म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन. १८१७ पासून पाडले जाऊ लागलेले हे नाणे २२ कॅरटचे असते, त्याचे वजन ७.९९ ग्रॅम व व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो, आणि बहुतेक गिन्यांच्या पाठीवर बेनेदेत्तो पिस्त्रुची या इटालियन कलावंताने कोरलेला, घोड्यावरून अजगरसदृश राक्षसाला मारणारा सेंट जॉर्ज असतो. १८९९ च्या कायद्याने १५ रुपयांस एक या दराने ती हिंदुस्थानात कायदेशीर चलन ठरली, आणि पगारदार, व्यापारी, सावकार अशा सर्वांच्या तिजोरीत तिचा शिरकाव झाला. आजोबांच्या वहीत तिचे वजन तोळ्यामाशांत लिहिलेले असेल, तर आठ मासे आणि पावणेदोन गुंजांच्या आसपास आकडा दिसावा; कारण तोळा ११.६६ ग्रॅमचा, तोळ्याचे मासे बारा आणि माशाच्या गुंजा आठ.

गिनी पाहताना घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या आकड्याच्या अगदी वर, भिंगातून नजर टाकावी. तेथे एखादे बारीक अक्षर असेल, तर ते टांकसाळीचे चिन्ह होय. लंडनच्या गिनीवर असे अक्षर नसते. सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा आणि प्रिटोरिया येथील गिन्यांवर ते असते. १९१८ या एकाच साली, महायुद्धामुळे नाण्यांची टंचाई झालेली असताना, मुंबईच्या टांकसाळीनेही सुमारे तेरा लाख गिन्या पाडल्या आणि त्यांवर 'इंडिया' या शब्दाचे इंग्रजी आद्याक्षर उमटवले. त्याच साली त्याच टांकसाळीतून त्याच वजनाची आणि त्याच कसाची पंधरा रुपयांची मोहोरही निघाली. मुंबईत पडलेली ही नाणी मुंबईपासून दूर नसलेल्या घरांत आजही सापडतात, आणि घरच्या माणसांना त्यांचे जन्मस्थान ठाऊक नसते, याची खंत वाटते.

दुसरी जात मोहोरांची. मोगली मोहोर जवळजवळ शुद्ध सोन्याची, सुमारे ११ ग्रॅमची, दोन्ही बाजूंना फार्सी मजकूर असलेली; तर कंपनी सरकारची मोहोर नेमकी एक तोळा वजनाची, २२ कॅरटची, पाठीवर सिंह आणि ताडाचे झाड असलेली. तिसरी जात होनांची, ज्यांत शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमाराचा, एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' असा मजकूर असलेला होन सर्वांत दुर्मिळ. अस्सल होन इतके थोडे ज्ञात आहेत, आणि नकला इतक्या जास्त आहेत की, घरात असा होन निघाल्यास आनंदाच्या आधी तज्ज्ञाचे मत घ्यावे. आणि चौथी जात पुतळीची. तिच्याविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे.

२. पुतळी : व्हेनिसहून आलेली

महाराष्ट्रातील स्त्रियांच्या दागिन्यांत पुतळ्यांची माळ शतकानुशतके मानाची आहे. परंतु त्या माळेतील मूळ पुतळी ही इटलीतील व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची मोहोर होती, ही गोष्ट माळ घालणाऱ्यांपैकीही थोड्यांना ठाऊक असते. हे नाणे व्हेनिसने १२८४ साली पाडावयास प्रारंभ केला आणि १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडवीपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, त्याचे वजन (सुमारे साडेतीन ग्रॅम), त्याचा कस (नव्याण्णव टक्क्यांच्याही वर) आणि त्यावरील चित्र जवळजवळ जसेच्या तसे राखले. राज्यकर्ते बदलत गेले, त्यांची नावे बदलत गेली, पण नाणे बदलले नाही. आणि ज्या सराफाला परदेशी अक्षर वाचता येत नव्हते, त्यालाही चित्र पाहून कसाची खात्री बाळगता आली. तांबड्या समुद्राच्या मार्गाने मसाले आणि कापड पश्चिमेकडे जात होते आणि त्यांच्या मोबदल्यात हे सोने आपल्या किनाऱ्याला लागत होते.

पुतळी भिंगाखाली धरली, तर एका बाजूस उभा असलेला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून ध्वजदंड हाती घेणारा, उंच टोपीचा, व्हेनिसचा निर्वाचित प्रमुख दिसतो. दुसऱ्या बाजूस लंबगोलाकार चौकटीत, ताऱ्यांच्या मध्यभागी उभा असलेला येशू दिसतो. आपल्याकडच्या कारागिरांनी या नाण्याच्या अनेक नकला केल्या. नकलेत संताचा झगा उभ्या रेघांचा होतो, प्रमुखाचे गुडघे काड्यांसारखे होतात, आणि कडेची लॅटिन अक्षरे, ती लिपी न जाणणाऱ्या हातातून उतरताना, ठिपक्यांच्या आणि कोनांच्या नक्षीत विरघळून जातात. अशी पुतळी 'खोटी' म्हणून टाकून देऊ नये. ती कोणाला फसविण्याकरिता नव्हे, तर गळ्यात घालण्याकरिता बनविलेली असते, तिचे सोने पुष्कळदा चोख असते, आणि व्हेनिसचे चित्र मराठी सोनाराच्या हाताखाली कसे बदलत गेले याचा तो प्रत्यक्ष पुरावा असतो.

३. झीज वेगळी आणि इजा वेगळी

आता मोडकेपणाकडे वळू. नाण्याच्या अवस्थेविषयी बोलताना संग्राहक दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवतात : झीज आणि इजा. देवळाच्या पायरीचा दगड हजारो पावलांनी मध्यभागी खोलगट झालेला असतो, आणि त्याच पायरीचा एक कोपरा कोणी घणाने फोडलेला असतो. दोन्ही ठिकाणी दगड कमीच झाला, तरी पहिल्या प्रकाराला आपण वापर म्हणतो आणि दुसऱ्याला नुकसान. नाण्याचेही तसेच आहे. हातोहात फिरून उंच भाग, म्हणजे राजाचा गाल, केसांची बट, घोड्याची मांडी, सपाट होत जातात ती झीज. भोक, कडी, वाकणे, घासणे, कापणे, पॉलिश ही इजा. झीज कमीअधिक किती ती मोजता येते. १९४९ साली अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १ ते ७० अशी श्रेणी सुचविली, आणि आज जगभर तीच थोड्याफार फरकाने चालते. इजा झालेल्या नाण्याला मात्र या श्रेणीत सहसा आकडाच दिला जात नाही. 'तपशील इतका शिल्लक, परंतु अमुक इजा' असा शेरा मारला जातो.

इजांतही तारतम्य आहे. जुन्या नाण्यांवर सराफांनी कस तपासताना मारलेले बारीक ठसे आढळतात. ते नाण्याच्या प्रवासाचेच अंग आहेत आणि पुष्कळ अभ्यासक ते आस्थेने नोंदवून ठेवतात. याउलट, काल-परवा टूथपेस्टने घासून आरशासारखी केलेली गिनी दिसावयास कितीही झगमगीत असली, तरी जाणकाराच्या दृष्टीने ती भोक पडलेल्या गिनीइतकीच, कधी तिच्याहून अधिक, बिघडलेली असते. सोने मऊ असते, आणि टांकसाळीच्या ठशाखाली दाबले जाताना धातूच्या पृष्ठभागावर ज्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात, त्यांतूनच अस्सल नाण्याची ती विशिष्ट, नाणे फिरविले म्हणजे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फिरणारी झळाळी येते. घासल्याने त्या रेषा जातात, आणि एकदा गेल्या की पुन्हा आणता येत नाहीत.

४. कडीची गोष्ट

भारतीय घरांतील सोन्याच्या नाण्याची सर्वांत सामान्य इजा म्हणजे कडी. नाणे पेटीत राहिले तर ते केवळ धन. कडी लावून, पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून गळ्यात आले की ते धनही आणि अलंकारही. म्हणून नाणे घरी येताच सोनाराकडे जाई, आणि सोनार त्याच्या वरच्या कडेला कडी झाळून देई.

झाळणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय ही इजा समजत नाही. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. नाणे न वितळता कडी चिकटावी, म्हणून जोडकामासाठी सोन्यात चांदी, तांबे अशा धातूंचे प्रमाण वाढवून त्याहून कमी उष्णतेला वितळणारे मिश्रण वापरतात. त्याला झाळ म्हणतात. फुंकणीच्या ज्योतीखाली ही झाळ पाण्यासारखी पातळ होऊन सांध्यात शिरते आणि थंड होताच घट्ट धरून बसते. त्यामुळे कडीच्या मुळाशी भिंगातून पाहिले, तर तीन खुणा दिसतात : सांध्याभोवती किंचित फिकट वा पांढुरकी कड, जवळपासच्या अक्षरांच्या कोपऱ्यांत भरलेली झाळ, आणि ज्योतीच्या आचेने त्या बाजूचा पृष्ठभाग थोडा खरखरीत वा निस्तेज झालेला. कडी नंतर काढून टाकली असली, तरी या खुणा राहतातच; कानशीने घासून सारखी केलेली कड हाताच्या नखाला सपाट लागते, आणि गिनीच्या कडेवरचे दाते तेवढ्याच जागी नाहीसे झालेले असतात.

येथे एक आग्रहाची सूचना आहे. कडी असलेले नाणे हाती आले की ती काढून नाणे 'मोकळे' करावे, म्हणजे किंमत वाढेल, असे अनेकांना वाटते, आणि हौसेने कोणी सोनार ते करूनही देतो. तसे करू नये. कडी काढताना पुन्हा आच लागते, पुन्हा कानस फिरते, आणि नाणे 'कडी लावलेले' या वर्गातून 'कडी काढलेले' या वर्गात जाते एवढेच. इजेतून सुटत नाही. उलट कडी आहे तोपर्यंत ते नाणे कोणाच्या तरी माळेत होते, हे उघडपणे सांगते, आणि माळेतील शेजारची नाणी जर अजून नात्यातील दुसऱ्या घरी असतील, तर त्यांच्याशी त्याचे नाते जुळविता येते. एखाद्या माळेतील नाण्याची एक बाजू दुसरीहून अधिक झिजलेली असेल, तर ती बहुधा अंगाकडची, लुगड्यावर घासली जाणारी बाजू असते. अशी झीज टांकसाळीच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. ती आजीच्या किंवा पणजीच्या वापराची असते.

५. पाण्यातील वजन

नाणे सोन्याचेच आहे का, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. कसोटीचा दगड ही आपली जुनी आणि उत्तम साधनपद्धती आहे, परंतु दगडावर घासलेल्या नाण्याला आणखी एक इजा होते. म्हणून प्रथम पाण्याची मदत घ्यावी. सोने जड असते. त्याच आकारमानाच्या पाण्याहून शुद्ध सोने १९.३ पट आणि २२ कॅरटचे गिनीचे सोने सुमारे १७.६ पट जड भरते. पितळ साधारण साडेआठ पटच भरते.

रीत अशी : शंभरांश ग्रॅमपर्यंत वजन दाखविणारा काटा घ्यावा. नाण्याचे कोरडे वजन लिहून ठेवावे. समजा ते ७.९८ ग्रॅम आले. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा, नाणे बारीक धाग्याला बांधून, तळाला अगर पेल्याच्या अंगाला न टेकवता, पूर्ण बुडेल असे पाण्यात धरावे. आता काटा जे वजन दाखवील, ते नाण्याने बाजूस सारलेल्या पाण्याचे. ते ०.४५ ग्रॅमच्या आसपास आले, तर ७.९८ भागिले ०.४५ म्हणजे १७.७, गिनीशी जुळते. नाणे पितळेवर मुलामा दिलेले असते, तर त्याच वजनाने ०.९४ ग्रॅम पाणी सारले असते, आणि ते गिनीच्या दुप्पट जाड दिसले असते. बुडबुडे चिकटले तर आकडा फसवा येतो, म्हणून प्रयोग दोन-तीनदा करावा.

ही परीक्षा पुष्कळ सांगते, परंतु सर्व काही सांगत नाही. टंगस्टन हा धातू सोन्याइतकाच जड आहे. आणि एकोणिसाव्या शतकात प्लॅटिनम सोन्याहून स्वस्त होते, तेव्हा त्यावर मुलामा देऊन गिन्यांच्या नकला झाल्या होत्या. शिवाय विसाव्या शतकाच्या मध्यात पश्चिम आशियात पूर्ण वजनाच्या, खऱ्या सोन्याच्या, पण टांकसाळीबाहेर पाडलेल्या गिन्याही बनल्या. त्या वजनाच्या आणि पाण्याच्या परीक्षेत उतरतात, आणि फक्त अक्षरांच्या व चेहऱ्याच्या बारकाव्यांवरून ओळखू येतात. म्हणून वजन जुळले तरी जाणकार डोळ्यांची गरज संपत नाही. हल्ली बऱ्याच सराफांकडे क्ष-किरणांनी कस दाखविणारे यंत्र असते. नाण्याला ओरखडाही न उठता ते पृष्ठभागाचा कस सांगते, तेवढ्याकरिता ते अवश्य वापरावे.

६. मोडीचा भाव आणि नाण्याचा भाव

आता मूळ प्रश्न : किती येतील? प्रत्येक सोन्याच्या नाण्याला दोन किमती असतात. एक धातूची, जिला सराफ मोडीचा भाव म्हणतो. दुसरी, त्या धातूच्या वर, नाणे म्हणून संग्राहक जी जादा देतो ती. इजेचा घाव मुख्यतः या दुसऱ्या किमतीवर पडतो. पहिलीवर तो तेवढाच पडतो, जेवढे सोने प्रत्यक्ष गेले असेल.

उदाहरण घेऊ. हिशेब सोपा व्हावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये समजू. धडधाकट गिनीत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असते. म्हणजे धातूची किंमत ७३,२०० रुपये. आता कडीसकट गिनी काट्यावर ८.६० ग्रॅम भरली. यांतली गिनी ७.९५ आणि कडी व झाळ मिळून ०.६५ ग्रॅम असेल, आणि कडी १८ कॅरटची असेल, तर शुद्ध सोने ७.२९ अधिक ०.४९, म्हणजे ७.७८ ग्रॅम. सर्व २२ कॅरट धरले असते, तर ते ७.८८ ग्रॅम आले असते. फरक हजाराच्या आसपासचा. म्हणून सराफ कडीची घट धरतो, तेव्हा तो अन्यायच करतो असे नाही. परंतु ती घट कडीपुरती असावी, सबंध नाण्यावर नव्हे, हे ग्राहकाने हिशेबाने दाखवून द्यावे.

सामान्य सालाच्या गिनीला संग्राहक धातूहून फारसे जादा देत नाहीत, कारण अशा गिन्या जगात कोट्यवधी आहेत. त्यामुळे कडीने तिचे नुकसानही थोडेच होते. दुर्मिळ होनाचे उलट असते. त्यात सोने जेमतेम काही ग्रॅमचे, पण नाणे म्हणून त्याची किंमत धातूच्या कितीतरी पट. म्हणून भोक पडले तर तोटा मोठा, आणि तरीही भोक पडलेला अस्सल होन मोडीच्या भावात देणे हे इतिहासाचेच नव्हे तर मालकाचेही फार मोठे नुकसान. व्यवहाराचा नियम यावरून स्पष्ट होतो : नाणे ओळखले जाईपर्यंत ते मोडीत घालू नये. एकदा लगड झाल्यावर ओळखायला काही उरत नाही.

वजनाची तूट दिसल्यास तिचे कारणही शोधावे. ब्रिटिश कायद्यात गिनी ७.९४ ग्रॅमपर्यंत झिजली तरी चलनात चालत असे. एखादी कडी नसलेली गिनी ७.६० ग्रॅमच भरली, तर केवळ हाताळण्याने एवढे सोने जात नाही. कानस, आम्ल किंवा काढलेली कडी यांपैकी काहीतरी तेथे घडून गेले आहे, अथवा नाणे टांकसाळीचे नाही.

७. जतन

जतनाविषयी थोडेच सांगायचे आहे. नाणे कडेला धरावे, चेहऱ्यावर बोटे टेकवू नयेत. धूळ असल्यास स्वच्छ पाण्यात बुडवून, न घासता, मऊ कापडावर टिपून घ्यावे. रिठा, चिंच, राख, पावडर ही दागिन्यांची साधने येथे वर्ज्य. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून कालांतराने आम्लधर्मी द्रव्य सुटते आणि ते मिश्रणातील तांब्याला खाते, तेव्हा ती टाळावीत. २२ कॅरटच्या नाण्यावर तांबूस डाग दिसले, तर ते तांब्याचेच असतात आणि त्यांना हात लावू नये. पांढरे, पाऱ्यासारखे डाग दिसले, तर तो खरोखरच पारा असू शकतो, कारण तो सोन्याला लागताच चिकटतो. असे नाणे कोणीही तापवू नये, त्याची वाफ विषारी असते.

८. याद, वारस आणि कायदा

नाणे पेटीत ज्या स्थितीत सापडले, त्या स्थितीत त्याची दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे घ्यावीत, आणि एक याद लिहावी : वजन, व्यास, साल, अक्षरे, इजेचा तपशील, पेटी कोणाची, नाण्याबरोबर दुसरे कोणते जिन्नस होते, ते ज्या कागदात गुंडाळलेले होते त्यावर काय लिहिले आहे. तो कागद टाकून देऊ नये. आजोबांच्या हस्ताक्षरातील 'दिवाळीत घेतली' एवढा मजकूरही पुढे दस्तऐवजाचे काम करतो. ओळख पटविण्यासाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील नाणी पाहावीत, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करावी, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था तर याच कामाला वाहिलेली आहे.

मालकीची बाबही स्वच्छ असावी. मृत्युपत्र नसेल, तर आजोबांच्या मालमत्तेवर त्यांच्या मुलामुलींचा सारखा हक्क असतो आणि आजी हयात असल्यास तिचाही. पेटी ज्याने उघडली तो एकटा मालक होत नाही. पुतळ्यांची माळ आजीची असल्यास ते तिचे स्त्रीधन, आणि त्याचे वारस वेगळ्या नियमाने ठरतात. एक नाणे चौघांत तोडून वाटता येत नाही, म्हणून वाटणीपत्रात त्याची किंमत धरून एकाच्या वाट्याला ते द्यावे, हा समंजस मार्ग होय. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा जमिनीत वा भिंतीत दडलेल्या, मालक अज्ञात असलेल्या धनासाठी आहे. घरच्या पेटीतील नाण्याला तो लागत नाही. मात्र वाड्याची भिंत पाडताना नाण्यांचा गडू निघाला, तर जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी देणे बंधनकारक आहे.

राहता राहिली परदेशस्थ नातवंडे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षे वा त्याहून जुने नाणे पुरावशेष ठरते, आणि ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ते गळ्यातील माळेत गाठवलेले का असेना. १९१८ ची मुंबईची गिनी आता या मर्यादेच्या आत आली आहे. तेव्हा अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातीच्या वाट्याला आजोबांची गिनी आली, तर तिने तिची छायाचित्रे आणि यादेची नक्कल बरोबर न्यावी, आणि नाणे येथेच भावंडाच्या नावे लेखी पावती करून ठेवावे.